सब्ज्याची एकसष्ट पानं

हाईम अष्टमकरला कोणी विचारलं, काका, तुम्ही काय करता, तर तो गिरणीचं नाव घेत नसे. गिरणीत त्याने एकतीस वर्षं काढली होती. सूतखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होता तो, आणि उजव्या कानाने कमी ऐकू यायचं तेही गिरणीच्याच कृपेने. पण विचारणाऱ्याला तो ताठ होऊन सांगायचा, "मी कल्पीचा सेक्रेटरी." कल्पी म्हणजे मतपेटी, आणि ती जिथे ठेवतात ते केंद्रसुद्धा. निवडणुका काही रोज होत नाहीत. या कामाचे सगळे दिवस एकत्र केले तरी तीस वर्षांत जेमतेम महिना भरला असता. तरी सेक्रेटरी म्हटलं की हाईमची मान दोन बोटं वर जायची, आणि मिल्का, त्याची बायको, आतून ओरडायची, "अहो सेक्रेटरी, पाव आणायचा राहिला!"

गावाचं नाव रामात रोतेम. इस्राएलच्या दक्षिणेला, येरुहामच्याही खाली, नेगेव वाळवंटाच्या उन्हात चार टेकड्यांवर पसरलेलं. बेर्शेबाहून बस तास-सव्वा तासात आणून सोडते. पुढे मित्स्पे रामोनचं विवर बघायला निघालेले लोक खिडकीतून बाहेर बघतात आणि आपसांत म्हणतात, इथे कोण राहत असेल हो? इथे हाईमसारखे राहतात. रोह्याजवळच्या अष्टमीतून मुंबईला, आणि मुंबईहून बासष्ट साली थेट इथे आलेले बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. नंतर मोरोक्कोचे आले, मग रशियाचे. पण चार नंबरच्या वस्तीत अजूनही संध्याकाळी खोबरं भाजल्याचा वास यायचा.

हाईमला मतपेटीचं एवढं वेड का, हे कळायला चौसष्ट साल माहीत हवं. तेव्हा इथल्या धर्मपंडितांनी शंका काढली होती की हिंदुस्थानातून आलेले हे लोक पुरते ज्यू तरी आहेत का. लग्न लावायचं तर आजी-पणजीचे पुरावे आणा. हाईम सव्वीस वर्षांचा होता आणि मिल्काशी त्याचं लग्न ठरलं होतं. दोघं यरुशलेमला गेली आणि बाकीच्या मंडळींबरोबर उन्हाळाभर रस्त्यावर बसली. गांधीबाबाचा सत्याग्रह मुंबईत ऐकला होता, तो इथे केला. आणि काय आश्चर्य, संसदेने ऐकलं. हे लोक सगळ्या बाबतींत ज्यूच आहेत, असं तिथे जाहीर झालं. ना दगड, ना काठी. हाईम त्या दिवशी रडला होता. आपण सतरंजीवर बसलो आणि एवढं मोठं गव्हर्मेंट हललं, ही गोष्ट त्याने पुढे जन्मभर सांगितली, ऐकणाऱ्याला पाठ होईपर्यंत.

म्हणून एकोणसत्तर साली चार नंबरच्या कल्पीवर सेक्रेटरीची जागा निघाली तेव्हा त्याने स्वतःहून अर्ज केला. मतदानाच्या दिवशी तो पहाटेच अंघोळ करून पांढरा सदरा घालायचा. दोन पेनं, एक पट्टी, एक जाड भिंग. इथे उमेदवाराची छापील चिठ्ठी पाकिटात घालून मत देतात, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांना हिब्रू वाचता येत नसे. त्या पडद्यामागून मुंडी बाहेर काढून विचारायच्या, "हाईम, रे, खयची चिठ्ठी घालू?" तो बोट वर करून म्हणायचा, "मावशी, पडद्यामागे देव आणि तुम्ही. मी नाय." मिल्काचं मत कुणाला, हेही त्याने तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं, हा भाग वेगळा.

आता योरामबद्दल सांगायला हवं. योराम हा हाईमचा सख्खा भाचा, धाकट्या बहिणीचा, हानाचा मुलगा. तो सहा वर्षांचा असताना त्याचा बाप गेला, आणि हाना गिरणीत पाळ्या करायची, म्हणून पोरगं मिल्काच्या हातचं जेवून वाढलं. हाईम-मिल्काला एकच मुलगी, यार्देन. योराम हा त्यांचा मुलगाच. गोड बोलायचा. मिल्काने रागाने चमचा उगारला की तो हिब्रूत असं काही बोलायचा की ती हसायला लागायची आणि चमच्यातलं त्याच्या ताटात पडायचं.

पंच्याण्णवमध्ये गिरणी बंद झाली. साडेचारशे माणसं घरी बसली. गावाचा नगराध्यक्ष वीस वर्षं खुर्चीत होता; तो दारावर आला, घड्याळ बघितलं आणि गेला. त्या दिवशी योराम गिरणीच्या फाटकापाशी एका पिंपावर चढला आणि बोलला. काय बोलला ते अजूनही लोक सांगतात. तुमची पाठ मोडली ती कुणाच्या कोटासाठी, असं त्याने विचारलं, आणि बायकांनी पदरात तोंडं लपवली. हाईम खाली उभा होता. त्याला वाटलं, हा माझा भाचा. खरं सांगायचं तर योराम त्या दिवशी जे बोलला त्यातला शब्द न् शब्द खरा होता, आणि हीच पुढची सगळी पंचाईत.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात योराम नगराध्यक्षपदाला उभा राहिला. हिंदुस्थानी वस्तीतला पहिलाच. हाईम लगेच बेर्शेबाला जाऊन निवडणूक अधिकारी आमोसला म्हणाला, "उमेदवार माझा भाचा आहे, मला या वेळी बसवू नका." आमोस हसला. "तुमच्या गावात कोणाचाच मामा नसलेला सेक्रेटरी मी कुठून आणू? बस गुपचूप. तुझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तर कोणावर?" हाईम खूश होऊन परतला. वाटेत त्याला जरा खटकत होतं ते दुसरंच. आदल्या सभेत योराम म्हणाला होता, या गावात दोनच प्रकारची माणसं, आपली आणि त्यांची. शेजारी राहणारा रशियाहून आलेला गणिताचा मास्तर, तो कोणात मोडतो, हे हाईमला विचारायचं होतं. विचारलं नाही. भाच्याचं कौतुक होतं ना!

मतदानाच्या तीन दिवस आधी हानाने घरी मलिदा घातला. मलिदा म्हणजे बेने इस्राएलांचा एलियाहू हन्नाबीचा, त्यांच्या लाडक्या प्रेषिताचा प्रसाद. गूळ-खोबऱ्याचे पोहे, पाच फळं, खजूर, गुलाबाच्या पाकळ्या आणि वासासाठी सब्ज्याच्या डहाळ्या. नवस बोलताना घालतात, फेडताना घालतात. गावात मलिद्याची गीतं म्हणायला हाईमच, कारण त्याच्याएवढं कुणालाच पाठ नव्हतं. सब्जा मिल्काच्या अंगणातला, तेलाच्या डब्यांत लावलेला. हाईमने गीत म्हटलं, आशीर्वाद म्हटले, सगळ्यांनी डहाळ्या हुंगल्या. मग तो पुरुषांबरोबर बाहेर चहाला बसला. आत बायका बराच वेळ दार लोटून होत्या, त्याचं त्याला काही वाटलं नाही. बायका असतातच आत.

मतदान झालं, दार लागलं, मोजणी सुरू झाली. नगराध्यक्षाची चिठ्ठी पिवळ्या पाकिटात घालायची असते. हाईमने पहिली काही पाकिटं फोडली. पंधराव्यातून चिठ्ठीबरोबर एक हिरवं पान टेबलावर पडलं. कल्पीच्या समितीचा अध्यक्ष मोरोक्कोचा एक वयस्क माणूस होता. त्याने पान नाकाशी नेलं. "पुदिना आहे का? चहा करू या," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मग आणखी एक पान. मग तीन लागोपाठ. हाईमने एक पान उचलून हुंगलं. वास त्याच्या ओळखीचा होता, त्या पानाला त्याने स्वतः सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं होतं. एकसष्ट पाकिटांतून एकसष्ट पानं निघाली, आणि प्रत्येकाबरोबर योरामची चिठ्ठी. अध्यक्ष म्हणाला, पान म्हणजे काही खूण नव्हे, मतं धरा. मतं धरली गेली. हाईमने नोंदवहीत लिहिलं, "एकसष्ट पाकिटांत झाडाचं पान आढळलं." कसलं पान ते लिहिलं नाही.

योराम सत्तावन्न मतांनी निवडून आला. बाहेर ढोल वाजत होते. हाईम घरी आला तेव्हा मिल्का जागीच होती.

"मिल्का, पान कुणी घालायला लावलं?"

ती उठून बसली. मग म्हणाली, "हानाने. म्हणजे योरामनेच तिला शिकवलेलं. बाया आत जाऊन मत फिरवतात, म्हणाला, त्यांच्याकडून नवस घे. सगळ्यांनी हन्नाबीच्या ताटावर हात ठेवला. योरामला मत देईन, आणि पान पाकिटात टाकीन म्हणजे हन्नाबीला कळेल."

"तू पण?"

"मी पण. मग? पोरगा माझा आहे."

हाईम खुर्चीत बसला. शपथ घालून, नवस बोलायला लावून मत घेणं हा गुन्हा आहे, हे त्याच्या नियमपुस्तकात छापलेलं होतं. त्याहून त्याला लागलं ते असं की पडद्यामागे देव आणि मतदार, हे तो तीस वर्षं म्हणत आला, आणि त्याच्या भाच्याने तिथे देवालाच पहारेकरी करून उभं केलं. आणि त्या देवाला बोलावलं हाईमच्याच गळ्याने.

जुना नगराध्यक्ष कोर्टात गेला. नोंदवहीतलं ते एक वाक्य वकिलाच्या हाती लागलं, आणि हाईमला बेर्शेबाचं बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी योराम आला. मामीच्या हातचं जेवला. मग हिब्रूत म्हणाला, "मामा, तुला झाडांमधलं काय कळतं? पान होतं, एवढंच म्हण. खोटं बोलू नकोस. फक्त माहीत नाही म्हण."

"माहीत नाय हे खोटंच ना रे, बाबा?" हाईम मराठीत म्हणाला.

"मी गेलो तर तो म्हातारा नगराध्यक्ष पुन्हा येईल. गिरणीची माणसं रस्त्यावरच राहतील. ते चालेल तुला?"

प्रश्न खोटा नव्हता, हे हाईमला कळत होतं. योराम गेल्यावर मिल्का म्हणाली, "नवस मोडू नका. मी हात ठेवलाय ताटावर." एवढंच. तिने आयुष्यात त्याच्याकडे काही मागितलं असेल तर हे एकच.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या, चष्मा नाकावर, आवाज सौम्य. त्यांनी विचारलं, "श्रीयुत अष्टमकर, ते पान कसलं होतं, तुम्हाला माहीत आहे?" हाईमने मागे पाहिलं. हाना होती, वस्तीतल्या सात-आठ बाया होत्या, डोक्याला ठेवणीतले रुमाल. त्याला वाटलं, माहीत नाही म्हणावं आणि बस पकडावी. मग त्याच्या तोंडून आलं, "सब्जा. मलिद्याचा." आणि एकदा ते आलं तसं बाकीचंही आलं. नवस, ताट, हात. फक्त कुणाचे हात ते त्याने सांगितलं नाही. बाईंनीही विचारलं नाही.

निवडणूक रद्द झाली. दोन महिन्यांनी पुन्हा घ्या, असा हुकूम निघाला.

त्या संध्याकाळी योरामने बाजारात ट्रक उभा केला. हाईम कांदे घेऊन परतत होता, तो मागेच उभा राहिला. "चौसष्ट साली त्यांनी विचारलं, तुम्ही ज्यू आहात का?" योराम ओरडला. "आज विचारतात, तुमचं मत हे मत आहे का? आमच्या हन्नाबीचं पान त्यांना कचरा वाटतं! त्या बाईला खुर्चीवर कुणी बसवलं? तुम्ही? मला कुणी बसवलं? तुम्ही! मग मोठं कोण?" लोक खवळले. मोरोक्कोचे, रशियाचे, सगळे. ज्यांनी जन्मात सब्जा पाहिला नव्हता तेही पानं नाचवत होते. चौसष्ट साली योराम जन्मलाही नव्हता. ती सतरंजी, तो उन्हाळा, संसदेबाहेरचं ते रडणं हाईमचं होतं. भाच्याने ते मामाच्या डोळ्यांदेखत उचललं आणि त्याचा सोटा केला. शेवटी योराम आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांनी माझ्या घरातलंच माणूस फोडलं. मी नाव घेणार नाही. माझं प्रेम आहे त्याच्यावर." पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली. हाईम कांद्यांची पिशवी छातीशी धरून घरी आला.

दुसऱ्या खेपेला योराम अकराशे मतांनी जिंकला. या वेळी ना नवस लागला ना पान.

इकडे हाईम कोर्टातून आल्यापासून मिल्का अकरा दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. स्वयंपाक करायची, ताट ठेवायची, उठून जायची. बाराव्या दिवशी तिने विचारलं, "चहात साखर पुरे का?" तो म्हणाला, पुरे. चहात साखर नव्हतीच. घरातलं भांडण तेवढ्यावर मिटलं, पण नवसाचा काटा तिच्या मनातून गेला नाही, आणि हाईमला ते ठाऊक होतं.

बाहेरचं मात्र मिटलं नाही. आमोसचा फोन आला, "हाईम, तुला काढा म्हणून अडीचशे सह्यांचा अर्ज आलाय. तू काही चुकलेलं नाहीस. पण मला गावात दंगा नको." पहिली सही हानाची होती. मिल्काची नव्हती. दारावर कागद आला तेव्हा तिने सांगितलं होतं, "माझं भांडण घरातलं आहे, ते कागदावर नाय लिहायचं." मलिद्याला हाईमला बोलावणं बंद झालं. कॅसेट लावून काम भागवायचे. सिनेगॉगमध्ये तो बसला की बाकावरची माणसं हळूच पलीकडे सरकायची, म्हणून तो मोरोक्कोवाल्यांच्या सिनेगॉगमध्ये जाऊ लागला. तिथले सूर त्याला कधी जमले नाहीत.

आणि योराम? वाईट माणूस म्हणावा तर रस्त्यावर दिवे आले, म्हाताऱ्यांना बेर्शेबाच्या इस्पितळात नेणारी गाडी आली. तो रोज बाजारात उभा राहून लोकांशी बोलायचा. मग नगरपरिषदेच्या बैठका दोन महिन्यांतून एकदा झाल्या, मग वर्षातून एकदा, मग होईनाशा झाल्या. लोक म्हणाले, योराम थेट आपल्याशी बोलतो, मध्ये परिषद कशाला? हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं टेबल वाचनालयाच्या तळघरात गेलं. गावातलं साप्ताहिक बंद पडलं आणि योरामचा फोटो छापणारं पत्रक दर शुक्रवारी दारात पडू लागलं. गणिताच्या मास्तराने एकदा भर सभेत विचारलं की बैठक कधी आहे, तर त्याला हुर्यो देऊन बाहेर काढलं, आणि पुढच्या वर्षी शाळेत त्याच्या जागी दुसराच आला. कुणी गोळी झाडली नाही, कुणाला तुरुंगात टाकलं नाही. लोक खूश होते. हाईमला हे सगळं दिसत होतं आणि सांगायला माणूस नव्हतं. मास्तर होता, पण मास्तराचं हिब्रू मोडकं, आणि हाईमला उजव्या कानाने कमी ऐकू यायचं. दोघं आपले बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलायचे.

मिल्काचं मूत्रपिंडाचं दुखणं बळावलं ते दोन हजार एकच्या हिवाळ्यात. हाना इस्पितळात येऊन बसायची, वहिनीचे पाय चेपायची, भावाकडे बघायची नाही. एकदा दारातून त्याने ऐकलं, हाना दुसऱ्या बाईला सांगत होती, "मोडलेला नवस फेडतेय ती. दुसऱ्याचं पाप." चांगल्या कानाने ऐकलं. त्याला तिथेच ओरडावंसं वाटलं की असं नसतं, देव असा नसतो. पण त्यालाही रात्री कधीकधी तसंच वाटायचं. पुढच्या वर्षी, सुकोतचा सण सरल्यावर, मिल्का गेली.

ती गेल्यावर घरात मराठी उरली नाही. यार्देन किर्यात गातला कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात, दर शुक्रवारी फोन करायची, तो मराठीत विचारायचा, ती हिब्रूत उत्तर द्यायची. बाकी दिवसभर हाईम भांड्यांशी बोलायचा. कुकरला म्हणायचा, "हो रे, ऐकलं."

दोन हजार तीनच्या ऑक्टोबरात मिल्काचं वर्षश्राद्ध आलं. वर्षश्राद्धाला काद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना म्हणायची असते, आणि काद्दिशला दहा पुरुष लागतात. नऊ चालत नाहीत. मिल्काला आपल्या पद्धतीनेच सगळं हवं असायचं, म्हणून हाईमने घरी करायचं ठरवलं. जावई इतामार आला, मास्तर आला, मोरोक्कोचे चौघे आले, वस्तीतले दोन म्हातारे मान खाली घालून आले. हाईम धरून नऊ. अर्धा तास वाट पाहिली. वस्तीतल्या निदान वीस पुरुषांनी मिल्काच्या हातचं खाल्लं होतं. इतामार म्हणाला, "मी रस्त्यावरून कोणाला तरी घेऊन येतो." तो बाहेरगावचा, त्याला काय माहीत! दहा मिनिटांनी तो हसत परत आला, आणि मागे योराम होता.

योरामचे डोळे लाल होते. तो मामीच्या फोटोपाशी गेला आणि हमसून रडला, आणि हाईमने बघितलं की ते रडणं खरं होतं. खोटं असतं तर बरं झालं असतं, त्याला हाकलून देता आलं असतं. दारात कॅमेरावाला उभा होता. हाईम म्हणाला, "त्याला बाहेर ठेव." योरामने मान हलवली. कॅमेरावाला खिडकीपाशी गेला. मास्तर हाईमकडे बघत होता. नऊ माणसं थांबली होती आणि मिल्का थांबली होती. हाईमने पुस्तक उघडलं आणि काद्दिश म्हटलं. सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणणारा योराम होता.

शुक्रवारी पत्रक आलं. पानभर फोटो, योरामचा हात हाईमच्या खांद्यावर, वर ठळक अक्षरांत, "मामा घरी परतले." निवडणुकीला दहा दिवस होते. हाईम पत्रक घेऊन उठला. मास्तरानेही या वेळी नगराध्यक्षपदाचा अर्ज भरला होता, दुसरं कोणी उभंच राहीना म्हणून. त्याच्याकडे जावं, खिडकीतून काढलेला फोटो आहे हे चारचौघांत सांगावं, असं हाईमच्या मनात होतं. तेवढ्यात दार वाजलं.

हाना होती. हातात पातेलं. "नारळाच्या दुधातली मच्छी आणलीय," ती म्हणाली. "तुला आवडते ती. किती वाळलास रे, दादा." पाच वर्षांनी ती दादा म्हणाली. मिल्काच्या खुर्चीत बसून ती बोलत राहिली. अष्टमीची विहीर, आईचा राग, मुंबईतल्या चाळीतली ती लंगडी मांजर. हाईमला मध्येच हुंदका आला. वर्षभरात त्या घरात मराठीत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. पत्रक टेबलावर होतं. हे खोटं आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं, आणि म्हटलं की ती पातेलं उचलून निघणार हेही कळत होतं. त्याने पत्रक घडी करून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "हाना, अजून थोडा रस्सा वाढ."

मग सगळेच आले. पेढे घेऊन, केळी घेऊन. सिनेगॉगमध्ये त्याला पुढच्या बाकावर जागा झाली. रस्त्यात लोक ओरडून विचारायचे, काका, बरं आहे ना? हाईम म्हणायचा, बरं आहे. आणि बरं होतंही. तेच त्याला सहन होत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी हाना त्याला न्यायला आली. चार नंबरच्या कल्पीवर सेक्रेटरीच्या खुर्चीत एक तरुण मुलगा होता. त्याने हाईमचं ओळखपत्र बघितलं, पिवळं पाकीट दिलं. हाईम पडद्यामागे गेला. पहिल्यांदाच त्याला तिथे फार वेळ लागला. एका खणात योरामच्या चिठ्ठ्या, दुसऱ्यात मास्तराच्या, जवळजवळ तशाच्या तशा. कोणी बघत नव्हतं. कुणी शपथ घातली नव्हती, कुणी धमकी दिली नव्हती. त्याला फक्त हानाचं पातेलं आठवलं, आणि पातेलं गेल्यावरचं घर आठवलं. त्याने योरामची चिठ्ठी उचलली, पाकिटात घातली आणि बाहेर येऊन पेटीत टाकली.

फाटकाबाहेर हाना त्याचा दंड धरून चालत होती. "रडतोस कशाला, दादा?" ती म्हणाली. "आपलाच निवडून येणार."

आला. मास्तराला सगळ्या गावात मिळून एकशे बारा मतं पडली, त्यातली चार नंबरवर एकोणीस. दुसऱ्या दिवशी तो बाकावर हाईमची वाट बघत बसला होता, बियांची पुडी घेऊन. हाईम जवळ आला तसा तो उठला. "एकोणीस," तो आपल्या मोडक्या हिब्रूत म्हणाला. "अठरा कोणाची, मला माहीत नाही. पण एक कोणाचं ते माहीत आहे." आणि त्याने हाईमचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. हाईमने तो सोडवून घेतला नाही.